मांजराला रोज किती खायला द्यावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजर पाळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. तुलना सोपी जावी म्हणून बहुतेक उत्तरांत एकच मांजर उदाहरणासाठी घेतले आहे: घरात राहणारे, नसबंदी झालेले, ४ किलो वजनाचे प्रौढ मांजर.

१. फार खोलात न जाता एक आकडा सांगा. मांजराला दिवसाला किती खायला द्यावे?

वर सांगितलेल्या मांजराला दिवसाला साधारण २४० किलोकॅलरी पुरतात. नेहमीच्या कोरड्या खाद्यात हे प्रमाण ६५ ते ७० ग्रॅम होते, म्हणजे आमटीच्या एका वाटीत मावेल एवढेच. बहुतेकांना ते पाहून मांजर उपाशी राहील असे वाटते. पण साध्या घरगुती उंदरातून मांजराला सुमारे ३० किलोकॅलरी मिळतात, तेव्हा सात-आठ उंदीर म्हणजे या मांजराचे पूर्ण दिवसाचे जेवण झाले. आपण घालतो ते एवढ्याच्या जवळपास असायला हवे.

२. माझ्या मांजराचे वजन वेगळे आहे. हिशेब कसा करायचा?

पशुवैद्य वापरतात ते सूत्र असे आहे: वजनाचा (किलोत) ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी दिवसाची ऊर्जा. घात काढायला खास गणकयंत्राची गरज नाही; मोबाइलवरच्या साध्या गणकयंत्रात वजन तीन वेळा एकमेकांशी गुणावे आणि उत्तराचे वर्गमूळ लागोपाठ दोनदा काढावे. ४ किलोसाठी ४×४×४ म्हणजे ६४, त्याचे वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, आणि ७० ने गुणल्यावर १९८. याच रीतीने ३ किलोला १६०, ५ किलोला २३४ आणि ६ किलोला २६८ किलोकॅलरी येतात. वजन दुप्पट झाले म्हणून गरज दुप्पट होत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

या आकड्याला नंतर मांजराच्या अवस्थेप्रमाणे गुणायचे असते. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजरासाठी १.२, न झालेल्यासाठी १.४, वाढत्या पिल्लासाठी सुमारे २.५, आणि वजन उतरवायचे असेल तर ०.८. आपल्या उदाहरणात १९८ गुणिले १.२ म्हणजे २३८ किलोकॅलरी.

हे उत्तर अंतिम मानू नये. एकाच वजनाच्या दोन मांजरांच्या गरजेत चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत तफावत असू शकते. एक दिवसभर कपाटावर झोपते आणि दुसरे पडद्यावर चढून पालीमागे धावते, त्यांना सूत्र एकाच मापाने मोजते. म्हणून सूत्राने सुरुवात करावी, दोन-तीन आठवड्यांनी वजन पाहावे आणि प्रमाण एका वेळी पाच ते दहा टक्क्यांनी कमी-जास्त करावे.

३. पाकिटावर कॅलरी लिहिलेल्याच नाहीत. मग ग्रॅम कसे काढू?

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना ही अडचण येत नाही, कारण तेथे कॅलरी छापणे अपेक्षितच असते. आपल्याकडच्या अनेक पाकिटांवर मात्र फक्त प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांची टक्केवारी असते. तेवढ्यावरूनही काम भागते.

समजा, कोरड्या खाद्यावर प्रथिने ३२, स्निग्धांश १५, तंतू ३, ओलावा १० आणि राख ७ टक्के असे लिहिले आहे. ‘राख’ हा शब्द वाचून दचकू नये. खाद्य जाळल्यावर जी खनिजे उरतात त्यांना हे नाव आहे. ती दिली नसेल तर कोरड्या खाद्यात ७ आणि ओल्या खाद्यात २ धरावी. या सगळ्यांची बेरीज ६७ होते, ती शंभरातून वजा केली की ३३ उरतात आणि ती कर्बोदके. आता प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ३.५ ने व स्निग्धांशाला ८.५ ने गुणावे: ११२ अधिक ११५.५ अधिक १२७.५, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ३५५ किलोकॅलरी. आपल्या मांजराला २३८ हव्यात, म्हणजे २३८ भागिले ३५५ गुणिले १००, अर्थात ६७ ग्रॅम. खाद्य बदलले की हा हिशेब पुन्हा करावा, कारण दोन कोरड्या खाद्यांच्या शंभर ग्रॅममध्ये ५० किलोकॅलरींचा फरक सहज निघतो.

४. पाकिटावरच्या तक्त्यात माझ्या हिशेबापेक्षा जास्त ग्रॅम दिले आहेत. कोणाचे खरे मानायचे?

तक्ता खोटा नसतो, पण तो सर्व प्रकारच्या मांजरांसाठी केलेला असतो. नसबंदी न झालेली, हिंडती-फिरती मांजरेही त्यात येतात आणि कोणतेही मांजर अर्धपोटी राहू नये या बेताने आकडे थोडे सढळ धरलेले असतात. शिवाय तेथे ‘मांजराचे वजन’ म्हणजे योग्य वजन अभिप्रेत असते. सहा किलोच्या लठ्ठ बोक्यासाठी सहा किलोची ओळ वाचली, तर आपण त्याचा लठ्ठपणाच पोसतो. तक्त्यातला पल्ला ५५ ते ८० ग्रॅम असा असेल, तर घरातल्या नसबंदी झालेल्या मांजरासाठी खालच्या टोकापासून सुरुवात करावी.

५. सकाळी पाउच आणि संध्याकाळी कोरडे खाद्य देतो. दोन्हींची बेरीज कशी करायची?

कॅलरींत करावी, ग्रॅममध्ये कधीही करू नये. ओल्या खाद्यात सुमारे ८० टक्के पाणीच असते, त्यामुळे त्याचे ८० ग्रॅम आणि कोरड्याचे ८० ग्रॅम यांची तुलना होऊच शकत नाही. प्रथिने ९, स्निग्धांश ३, तंतू १, ओलावा ८३ आणि राख २ टक्के असलेल्या पाउचमध्ये तिसऱ्या उत्तरातल्या रीतीने शंभर ग्रॅमला ६४ किलोकॅलरी येतात, म्हणजे ८० ग्रॅमच्या पाउचमध्ये ५१. त्या २३८ मधून वजा केल्या की १८७ उरतात आणि त्यासाठी कोरडे खाद्य ५३ ग्रॅम लागते. एका पाउचमुळे कोरडे खाद्य केवळ १४ ग्रॅमनी कमी झाले. ‘एक पाउच दिले, म्हणजे आता अर्धेच कोरडे’ असा अंदाज करणाऱ्यांची मांजरे म्हणूनच दिवसभर पायात घोटाळतात.

फक्त पाउचवर ठेवायचे ठरवले, तर याच मांजराला दिवसाला साडेचारहून थोडे अधिक पाउच लागतील. खर्चाचा विचार आधी करावा.

६. वाटीने मोजले तर चालणार नाही का? रोज काटा कोण काढणार?

माझेही असेच म्हणणे होते. मग एका रविवारी घरातल्या तिघांना तीच स्टीलची वाटी आणि तेच खाद्य देऊन ‘रोज घालता तेवढे घाला’ असे सांगितले आणि प्रत्येक वाटी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. माझी वाटी ५८ ग्रॅमची निघाली, मुलीची ६६ ग्रॅमची आणि आईची, वर शीग लावलेली, ८१ ग्रॅमची. आईचे म्हणणे असे की वाटी शिगोशीग भरली नाही तर ती भरली कशी म्हणायची?

ऊर्जेने गच्च असलेल्या खाद्यात हा फरक महागात पडतो. रोजचे १० ग्रॅम जास्त म्हणजे ३५ किलोकॅलरी, म्हणजेच आपल्या मांजराच्या गरजेच्या १५ टक्के. माणसाच्या भाषेत सांगायचे तर रोज दोन-तीन पोळ्या वर. रोज काटा काढायचा नसेल तर सकाळी एकदाच दिवसाचे खाद्य मोजून लहान डब्यात भरावे आणि घरातल्या सर्वांनी त्याच डब्यातून घालावे. ‘तू घातलेस की मी?’ हा वादही त्यामुळे मिटतो, कारण डबा रिकामा झाला की दिवसाचे खाणे संपले.

७. माझे मांजर लठ्ठ आहे की नुसते केसाळ, हे कसे ओळखायचे?

हाताने ओळखावे. आधी स्वतःच्या हाताची मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा. मांजराच्या फासळ्या तशा टोचत असतील तर ते रोड आहे. मग हात सरळ पसरून हाताच्याच पाठीवरून, म्हणजे बोटांच्या मुळाशी, बोट फिरवा. फासळ्या तशा लागत असतील तर बरोबर आहे. तळहातावरून फिरवल्यासारखे वाटून फासळ्या शोधाव्या लागत असतील तर चरबी चढली आहे. वरून पाहताना फासळ्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. पशुवैद्य यासाठी १ ते ९ अशी श्रेणी वापरतात. ५ म्हणजे योग्य आणि त्यावरची प्रत्येक पायरी म्हणजे ढोबळमानाने १० टक्के जादा वजन.

मागच्या पायांपुढे पोटाखाली जी सैल झोळी लोंबते ती बारीक मांजरालाही असते. केवळ तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

वजनासाठी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग एकट्याचे वजन वजा करावे. अशा काट्यावर शंभर ग्रॅमचा फरक धड कळत नाही, म्हणून प्रवासी बॅगेचा लटकता डिजिटल काटा अधिक बरा: मांजराची टोपली त्याला अडकवावी आणि रिकाम्या टोपलीचे वजन वजा करावे. महिन्यातून एकदा पुरे.

८. दिवसातून किती वेळा द्यावे? दिवसभर भरून ठेवले तर?

मांजर मुळात थोडे थोडे आणि अनेकदा खाणारे जनावर आहे. प्रौढ मांजराला किमान दोन वेळा द्यावे, जमल्यास तीन-चार. वेळा वाढल्या तरी एकूण प्रमाण तेच राहते. वाडगा सतत भरलेला ठेवण्याची पद्धत काही मांजरांना मानवते, पण नसबंदी झालेल्या आणि घरात कंटाळलेल्या मांजराला सहसा मानवत नाही. तशी सोय हवीच असेल तर मोजलेलेच खाद्य ठेवावे, संपल्यावर पुन्हा भरू नये.

९. आमच्याकडची मांजरे पूर्वी दूध-भात आणि माशाच्या डोक्यांवर जगत होती. आता हे सगळे कशाला?

ती मांजरे दूध-भातावर जगत नव्हती. दूध-भात अंगणात मिळत असे आणि बाकीचे पोट ती कोठारातल्या उंदरांवर, पालींवर, पाखरांवर भरत. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत जाळी लावून ठेवलेल्या मांजराचे उंदीर काढून घेतले आणि दूध-भात तेवढा ठेवला, तर त्यात काय उरले?

मांजराला टॉरिन नावाचा घटक आहारातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो, भातात किंवा पोळीत नसतो. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात; हृदयविकाराचा हा संबंध १९८७ मध्ये प्रथम दाखवण्यात आला आणि त्यानंतर तयार खाद्यांतले टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले. गाजर-भोपळ्यातून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करण्याची शक्तीही मांजरात नाही. नुसती उकडलेली कोंबडी दिली तरी भागत नाही, कारण हाडांशिवायच्या मांसात कॅल्शियम फार थोडे असते आणि वाढत्या पिल्लांची हाडे त्यामुळे ठिसूळ होतात. काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ‘ब१’ नष्ट करणारे विकर असते, तर सुकट-बोंबलात मीठ असते.

घरचेच द्यायचे असेल तर पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून पाककृती आणि पूरक चूर्ण ठरवून घ्यावे. अंदाजाने करू नये.

१०. खाऊ आणि ताटातला घास हिशेबात धरायचा का?

धरायचा, आणि तो दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा. आपल्या मांजरासाठी त्या २४ किलोकॅलरी होतात. उकडलेल्या कोंबडीचे १५ ग्रॅम म्हणजे तेवढ्याच. एक अंडे म्हणजे सुमारे ७०, आणि म्हशीचे दूध अर्धी वाटी म्हणजे सुमारे ७५, दिवसाच्या खाण्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि पातळ शौचास होते. चाटून खायच्या नळ्यांवर ‘पूरक खाद्य’ असे लिहिलेले असेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. कांदा आणि लसूण मात्र मापाचा प्रश्नच नाही: आमटी-रश्श्यातला अंशही देऊ नये, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

११. नसबंदीनंतर मांजर एकदम सुटले. खाणे तर तेवढेच आहे.

खाणे तेवढेच आहे म्हणूनच सुटले. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. शस्त्रक्रियेची जखम भरली की प्रमाण नव्याने ठरवावे आणि पहिले काही महिने दर पंधरा दिवसांनी वजन पाहावे. मात्र पिल्लू लहान असताना नसबंदी झाली असेल तर त्याची वाढ चालू असते. त्याला पिल्लांचेच खाद्य, पण मोजून द्यावे.

१२. पिल्लाला किती द्यावे?

पिल्लाच्या बाबतीत कमी पडण्याची भीती अधिक. एक किलोच्या पिल्लाला ७० गुणिले २.५, म्हणजे सुमारे १७५ किलोकॅलरी लागतात, चार किलोच्या प्रौढ मांजराच्या जवळजवळ पाऊणपट. पोट एवढेसे असल्याने चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा द्यावे. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वजन वाढत असेल तर ठीक चालले आहे. डोळे न उघडलेले, आईविना सापडलेले पिल्लू हा वेगळा विषय आहे: त्याला गाईचे दूध न देता पिल्लांसाठीचे दूध-चूर्ण दोन ते चार तासांनी द्यावे लागते आणि त्याआधी त्याला ऊब द्यावी लागते. त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

१३. आमची भाटी गाभण आहे. तिचे माप काय?

हळूहळू वाढवत न्यावे. पिल्ले होईपर्यंत तिची गरज विश्रांतीच्या ऊर्जेच्या सुमारे दुपटीपर्यंत जाते. पिल्ले अंगावर पीत असताना ती त्याहूनही वाढते आणि पिल्लांच्या संख्येवर अवलंबून असते. या काळात काटा बाजूला ठेवावा आणि पिल्लांचे खाद्य तिला हवे तेवढे खाऊ द्यावे.

१४. वजन उतरवायचे आहे. खाणे निम्मे केले तर?

असे कधीही करू नये. लठ्ठ मांजराचे खाणे एकदम तुटले की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि हा आजार जिवावर बेततो.

सहा किलोच्या बोक्याचे योग्य वजन साडेचार किलो ठरले असे समजू. हिशेब योग्य वजनावर करायचा: साडेचार किलोची विश्रांती-ऊर्जा २१६, तिला ०.८ ने गुणले की १७३ किलोकॅलरी, म्हणजे तिसऱ्या उत्तरातल्या खाद्याचे ४९ ग्रॅम. तेथपर्यंत दोन-तीन आठवड्यांत उतरावे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ३० ते ६० ग्रॅम घट पुरे. दीड किलो उतरायला सहा महिने ते वर्ष लागेल. इतक्या कमी प्रमाणात साध्या खाद्यातून जीवनसत्त्वे अपुरी पडू शकतात, म्हणून वजन उतरवण्याचे खास खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने घेणे हिताचे.

१५. मोजून घातले तरी पहाटे पाचला ओरडून उठवते. भूक नाही तर काय?

बहुधा सवय. एकदा उठून वाडगा भरला की ओरडल्यावर खाणे मिळते हे मांजर शिकते आणि आपण ते त्याला रोज पक्के शिकवत राहतो. दिवसाच्या मापातलाच एक हिस्सा रात्री झोपण्यापूर्वी, थोडे खेळवून झाल्यावर द्यावा, किंवा वेळ लावून उघडणारा डबा ठेवावा. आठ-दहा दिवस घरच्यांना धीर धरावा लागेल. वजन खरोखर उतरत असेल तर प्रश्न १९ पाहावा.

१६. दोन मांजरे आहेत आणि बोका दोघांचेही खातो. शिवाय शेजारीही घालतात.

दोघांना वेगळ्या खोल्यांत, दार लावून, वीस मिनिटे द्यावे आणि उरलेले उचलावे. हडकुळी मांजरी चपळ असेल तर तिचा वाडगा बोक्याला चढवणार नाही अशा उंचीवर ठेवला तरी भागते. शेजाऱ्यांचे सांगायचे तर ‘घालू नका’ म्हटल्याने बहुधा वाईटपणा येतो. त्याऐवजी मोजलेल्या खाद्याची पुडी त्यांच्याकडेच द्यावी आणि तुमच्या हातून हेच घाला असे सांगावे. ते ग्रॅम घरच्या डब्यातून (प्रश्न ६) वजा करावेत.

१७. आमचे घर शाकाहारी आहे. आणि मासळी खाणाऱ्या घरांत श्रावणात मांजराचे काय करायचे?

नवव्या उत्तरात दिलेल्या कारणांमुळे मांजराला शाकाहारी करता येत नाही. घरात मांस शिजवायचे नसेल तर तयार कोरडे खाद्य हा मध्यम मार्ग आहे. ते वेगळ्या डब्यात, वेगळ्या भांड्यात, गॅलरीत ठेवता येते. श्रावणात मात्र एक गडबड हमखास होते: एरवी मासळीवर पोसलेले मांजर महिनाभर एकदम दही-भातावर येते. ते उपवास पाळत नाही, ते फक्त उपाशी राहते. आषाढ संपण्याआधीच दहा दिवस नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून बदल करावा.

१८. उन्हाळ्यात खाणे कमी होते आणि पावसाळ्यात खाद्य मऊ पडते. प्रमाण बदलायचे का?

विदर्भातल्या उन्हाळ्यात भूक थोडी मंदावणे स्वाभाविक आहे. खाणे सकाळी लवकर आणि रात्री द्यावे आणि वजन टिकून असेल तर काळजी करू नये. पाणी मात्र पाहावे: खाण्यातले धरून चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास लागते. ओले खाद्य तासाभराहून जास्त उघडे ठेवू नये. कोकणातल्या पावसात कोरड्या खाद्याला बुरशी येते, म्हणून मोठी पिशवी न घेता लहान घ्यावी आणि पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मुंग्यांसाठी जुनाच उपाय चालतो: पसरट ताटलीत पाणी आणि त्यात वाडगा.

१९. बारा वर्षांची मांजरी भरपूर खाते, तरी वाळत चालली आहे. किती वाढवू?

वाढवण्याआधी रक्ततपासणी करावी. म्हातारपणी पचन मंदावल्याने गरज थोडी वाढते हे खरे, पण भूक वाढून वजन घटणे हे थायरॉइडच्या अतिरेकाचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते, आणि मूत्रपिंडाच्या विकारात वजन घटतेच. अशा मांजराला या पानावरचे सूत्र लावू नये. इन्सुलिन चालू असलेल्या मांजराच्या जेवणाचे प्रमाण किंवा वेळ पशुवैद्याला न विचारता बदलू नये.

२०. कालपासून काहीच खाल्लेले नाही. भूक लागल्यावर खाईल ना?

त्या भरवशावर राहू नये. प्रौढ मांजराने २४ तास तोंड लावले नाही तर पशुवैद्याला दूरध्वनी करावा. पिल्लू असेल किंवा मांजर लठ्ठ असेल (प्रश्न १४) तर त्याहून लवकर. तोवर ओले खाद्य कोमट करून पाहावे, कारण मांजर चवीआधी वासाने जेवते आणि सर्दीने नाक चोंदले असेल तर थंड खाद्य त्याला खाद्य वाटतच नाही. बोका वारंवार मातीत बसून लघवीसाठी कुंथत असेल आणि खातही नसेल, तर दूरध्वनीवर वेळ न घालवता त्याला तसाच टोपलीत घालून दवाखान्यात न्यावे.